बेवारस वस्तू, बेवारस विचार: पसारा कसा आवरावा

घर आवरायला घेणारे बहुतेकजण पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठं कपाट उघडतात, आतलं सगळं पलंगावर ओततात आणि रात्री झोपायला जागा हवी म्हणून तेच सगळं जमेल तसं परत कोंबतात. अंग मोडून येतं, एखादी पिशवी घराबाहेर जाते आणि महिन्याभरात मागचे पाढे पंचावन्न. याला आळस म्हणता येणार नाही. क्रम चुकतो, आणि पसारा नेमका कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नसतं.

नुसत्या संख्येवरून पसारा ओळखता येत नाही. शिवणकाम करणाऱ्याच्या खणात दोनशे रिळं असतील, पण प्रत्येक रंग कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं, रिळं वापरली जातात, संपली की नवी येतात. उलट टेबलावर तीनच कागद पडलेले असले तरी ते महिनाभर नजरेला टोचत राहतात. ज्या वस्तूची जागा ठरलेली आहे, जिला कोणीतरी वाली आहे आणि जिचं पुढे काय होणार हे माहीत आहे, ती वस्तू घरची. या तिन्हींतलं एक जरी नसेल तर ती बेवारस. डोक्यातल्या विचारांनाही हेच लागू पडतं. ‘विम्याचं एकदा बघायला हवं’ हे वाक्य वर्षभर डोक्यात फिरतं, कारण बघणार कोण, कधी आणि नेमकं काय, यातलं काहीच ठरलेलं नसतं. म्हणून पुढे वस्तू असो वा विचार, प्रश्न तीनच विचारायचे: जागा कुठली, वाली कोण, पुढचं पाऊल काय.

आधी आवक रोखा

बाहेर काय टाकायचं याआधी आत काय येतं ते बघा. दाराजवळ एक वही ठेवा आणि १४ दिवस घरात आलेली प्रत्येक गोष्ट एका ओळीत लिहा: विकत घेतलेलं, फुकट मिळालेलं, भेट आलेलं, पार्सलचं खोकं, जाहिरातीचा कागद, कोणी ‘तुला उपयोगी पडेल’ म्हणून दिलेलं. शेजारच्या रकान्यात घराबाहेर गेलेली गोष्ट लिहा. खाण्यापिण्याचं सामान सोडून द्या, ते आपोआप संपतं. दोन आठवड्यांनी दोन्ही रकाने मोजले की पसारा का वाढतो ते कोणी सांगावं लागत नाही. बहुतेकांना विकत घेतलेल्या वस्तूंपेक्षा फुकट आलेल्या वस्तूंचं आश्चर्य वाटतं. विकत घेताना निदान पैसे मोजताना हात थांबतो. फुकटचं नाकारायला काही निमित्तच मिळत नाही.

वही भरेपर्यंत आवकीला दोन बांध घाला. खरेदीच्या ॲपवर साठवलेला कार्डाचा तपशील काढून टाका. दर वेळी आकडे भरावे लागले की निम्मी हौस तिथेच विरते. आणि गरजेची नसलेली वस्तू लगेच न घेता तारखेसह एका यादीत लिहा, ३० दिवसांनी यादी वाचा. अनेक नोंदी तेव्हा ‘हे कशाला लिहिलं होतं?’ अशा वाटतात. ज्या वाटत नाहीत त्या खुशाल घ्या. साधं राहणं म्हणजे मन मारून राहणं नव्हे.

हत्यारं आणि वेळ

चार खोकी लागतात, साधारण ४० बाय ३० सेंटिमीटर तळाची. त्याहून मोठी घेतली तर भरल्यावर उचलत नाहीत आणि जिथे भरली तिथेच मुक्काम करतात. खोक्यांवर जाड मार्करने लिहा: ‘राहणार’, ‘जाणार’, ‘दुसऱ्या खोलीतलं’, ‘ठरत नाही’. शिवाय कचऱ्याची पिशवी, चिकटपट्टी, घड्याळ. एवढं पुरे. प्लॅस्टिकचे डबे, कप्पे, सुंदर टोपल्या आत्ता आणू नका. काय उरणार हे कळायच्या आधी आणलेले डबे म्हणजे नाकापेक्षा मोती जड, आणि रिकामे राहिलेले डबे हा पुन्हा पसाराच.

तिसरं खोकं बिनमहत्त्वाचं वाटतं, पण आवरायच्या बहुतेक बैठका मोडतात त्या त्याच्याअभावी. खणात स्क्रू सापडतो, तो हत्यारांच्या पेटीत ठेवायला माणूस उठतो, तिथली पेटी विस्कटलेली दिसते, ती आवरायला बसतो, आणि खण उघडाच राहतो. म्हणून बैठक संपेपर्यंत खोली सोडायची नाही. दुसरीकडचं सगळं त्या खोक्यात, वाटप शेवटच्या पाच मिनिटांत.

एका बैठकीला २५ मिनिटं आणि एक खण किंवा एक फळी. त्या वेळात परत लावता येईल तेवढंच बाहेर काढा. दिवसाला तीन बैठका खूप झाल्या. त्यानंतर निर्णय ढिले पडतात: एक तर सगळंच ‘राहणार’मध्ये जायला लागतं, नाहीतर वैतागून कामाचं फेकलं जातं. दोन्हींचा पस्तावा होतो.

वस्तू हातात घेतल्यावर ‘ही कधी लागेल का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर कायम ‘लागेलही’ असंच येतं. १९९० साली डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना कॉफीचे मग दिले होते, काहींना नव्हते. ज्यांच्या हाती मग आला, ते तो विकायला जी किंमत मागत, ती मग न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. वस्तू आपली झाली की आपल्या नजरेत ती महाग होते, मग ती काही मिनिटांपूर्वीच का मिळालेली असेना. त्यामुळे प्रश्न उलटा करा: ही आज माझ्याकडे नसती, तर ती मिळवायला मी काय दिलं असतं? ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर ती ‘जाणार’मध्ये.

कुठून सुरुवात

जिथे जीव अडकलेला नाही तिथून. मुदत संपलेली प्रसाधनं, सुकलेली पेनं, झाकण हरवलेले डबे, एकाच कामाची तीन-तीन भांडी. इथे निर्णय पटापट होतात आणि हात बसतो. मग कपडे, मग वायरी आणि उपकरणं, मग कागद, मग पुस्तकं. आठवणींच्या वस्तू सगळ्यात शेवटी. जुन्या फोटोंपासून सुरुवात करणारा माणूस दोन तासांनी जमिनीवर मांडी घालून फोटो बघत बसलेला सापडतो, खोकी चारही रिकामी.

कपड्यांसाठी हॅंगर उलटे लावायची युक्ती जुनी आहे आणि चालते: सगळे हॅंगर दांडीवर मागून अडकवा, कपडा वापरून धुऊन परत ठेवताना हॅंगर सरळ करा. सहा महिन्यांनी जे उलटेच राहिले ते उघड दिसतात. मात्र थंडीचे कपडे आणि समारंभाचे कपडे या हिशोबातून वगळा, त्यांना पूर्ण वर्ष द्या. दुरुस्तीला काढलेल्या कपड्याला चिठ्ठी टाचा, तारीख १४ दिवसांनंतरची. तोवर बटण लागलं नाही तर ते लागणार नाही. वर्षभरासाठी बांधून ठेवायचे कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवा; घामाचे आणि अन्नाचे डाग राहिले की लोकरीला कसर लागते.

वायरींच्या पिशवीत प्रत्येक वायर तिच्या उपकरणाला लावून बघा आणि टोकाला चिकटपट्टीवर नाव लिहा. ज्यांना उपकरण सापडलं नाही त्या एका पिशवीत, वर तीन महिन्यांनंतरची तारीख. प्रत्येक प्रकारची एक जादा वायर ठेवा, पाच नकोत. जपून ठेवायच्या उपकरणांतले सेल काढून घ्या, अल्कलाइन सेल गळले की आतले संपर्कबिंदू खातात. जुना फोन ठेवायचाच असेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून ठेवा. तो देऊन टाकणार असाल तर क्रम महत्त्वाचा: आधी माहितीची प्रत, मग खात्यातून बाहेर पडणं, मग फोन मूळ स्थितीत आणणं. मधली पायरी विसरली तर फोन नव्या मालकाकडेही तुमचाच पासवर्ड मागत बसतो.

कागद

कागदाला वेळ जास्त ठेवा. वस्तू बघितली की कळते, कागद वाचावा लागतो. एका बैठकीत जाड फायलीचा अर्धा भाग झाला तरी पुष्कळ.

ढीग तीनच करा: काहीतरी करायचं आहे ते, ठरावीक वर्षं ठेवायचं ते, कायमचं ठेवायचं ते. बाकी रद्दी. कायमचा ढीग अपेक्षेपेक्षा लहान निघतो: जन्म, विवाह, शिक्षण, मालमत्ता, मृत्युपत्र, नागरिकत्व, मोठी शस्त्रक्रिया किंवा आजार यांचे मूळ कागद. एका फायलीत मावतात. ही फाइल कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असायलाच हवं, नाहीतर ऐन वेळी तिचा उपयोग शून्य.

मधल्या ढिगात लोक अडकतात. करांचे, बँकेचे, हमीचे कागद किती वर्षं ठेवायचे याचे नियम देशागणिक वेगळे. तो नियम एकदा बघून घ्या आणि पाकिटावर आतला मजकूर न लिहिता नष्ट करायचं वर्ष ठळक लिहा. त्या वर्षी पाकीट न उघडता फाडता येतं. हे एक केलं तरी फायलींचं कपाट पुन्हा कधी फुगत नाही, कारण निर्णय कागद ठेवतानाच घेऊन झालेला असतो.

दुकानातल्या पावत्या बहुतेक उष्णतेने छापलेल्या असतात. ऊन, उबारा आणि प्लॅस्टिकच्या पाकिटामुळे त्यांची अक्षरं उडतात, आणि हमी वापरायची वेळ येते तेव्हा हातात कोरी पट्टी राहते. अशा पावतीचा फोटो वस्तू आणली त्याच दिवशी काढा. मजकूर स्कॅन करायला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि पुढे दोन शब्द: ‘२०२४-०३-१५ पंखा हमी’. अशी नावं संगणकात आपोआप ओळीने लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळे महिने एकमेकांत मिसळतात. प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. पेनड्राइव्ह हा एकमेव आधार धरू नका.

एक इशारा मात्र द्यायला हवा. सगळंच स्कॅन करायचा मोह होतो. वर्तमानपत्रांची कात्रणं, जुनी पत्रकं, दहा वर्षांपूर्वीच्या टिपा स्कॅन करणं म्हणजे निर्णय टाळून पसारा एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवणं, फक्त दुसरं कपाट डोळ्यांना दिसत नाही.

नवीन येणाऱ्या कागदासाठी एकच जागा, तीही उभी. आडव्या ट्रेमध्ये नवा कागद जुन्यावर बसतो आणि तळातलं बिल मुदत उलटल्यावर सापडतं. उभ्या कप्प्यात प्रत्येक कागदाची कड दिसते. टपाल कचऱ्याच्या डब्याशेजारी उभं राहूनच उघडा. फाडून टाकायचं तेवढंच, ज्यावर खातेक्रमांक, सही किंवा ओळखक्रमांक आहे.

पुस्तकं आणि आठवणी

पुस्तकांच्या बाबतीत फार कठोर होण्यात अर्थ नाही. फळ्यांची लांबी ठरवा, तेवढी मावतील तेवढी ठेवा. न वाचलेल्या पुस्तकाची पहिली वीस पानं वाचा. पुढे जावंसं वाटलं नाही तर ते दुसऱ्या कोणाचं पुस्तक आहे.

आठवणींना खोकं एक, माणशी. ते भरलं की नवी आठवण आत जाताना जुनी बाहेर. संचातलं सगळं न ठेवता एक ठेवा: बारा कपांतला एक कप, शंभर पत्रांतली सात. फोटोच्या मागे कोण, कुठे, कोणत्या साली हे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांचे जुने अल्बम फोटोंचं नुकसान करतात, त्यातले फोटो काढता येत असतील तर काढून आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. वारशाने आलेल्या वस्तूंबाबत घाई नको. गेलेल्या माणसाचं सामान पहिल्या काही महिन्यांत आवरावं लागलं तर कागदपत्रं आणि नाशवंत तेवढंच हाताळा, बाकीचं बांधून ठेवा.

‘जाणार’ खरोखर जायला हवं

पुष्कळ घरांत ‘जाणार’ लिहिलेलं खोकं दाराआड वर्षभर उभं असतं. घोडं इथेच पेंड खातं. खोकं भरलं की त्यावर सात दिवसांनंतरची तारीख आणि नेणाऱ्याचं नाव लिहा. ओळखीच्या कोणाला द्यायचं असेल तर फोटोसह एकच निरोप पाठवा: ‘हवं असेल तर शनिवारपर्यंत सांगा’. न विचारता कोणाच्या गळ्यात मारू नका, तो पसाऱ्याचा नुसता पत्ता बदलतो.

विकण्याच्या नादात सगळ्यात जास्त वस्तू अडकतात. फोटो, वर्णन, घासाघीस, न आलेला गिऱ्हाईक, असे सहज दोन तास जातात. त्या दोन तासांच्या मोबदल्याहून जास्त मिळणार असेल तरच विका, आणि १४ दिवसांत गेली नाही तर देऊन टाका. मूळ किंमत मनात आणू नका. ते पैसे घेतानाच गेले, वस्तू कपाटात ठेवून ते परत येत नाहीत.

लिथियम बॅटऱ्या आणि ९ व्होल्टचे सेल साध्या कचऱ्यात टाकू नका. टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या, एकमेकांना किंवा धातूला टेकले की पेट घेऊ शकतात. उरलेली औषधं बेसिनमध्ये ओतू नका, परत घेण्याची सोय असलेल्या औषधाच्या दुकानात द्या.

राहिलेल्याला जागा

वस्तू जिथे वापरली जाते तिथेच तिचं घर. कात्री स्वयंपाकघरात लागते आणि टेबलाच्या खणात राहते, म्हणून ती कायम ओट्यावर सापडते. रोजच्या वस्तू गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत, एका हाताने काढता येतील अशा. परत ठेवायला दोनपेक्षा जास्त हालचाली लागत असतील (खोकं काढा, झाकण उघडा, पिशवी सोडा) तर ती वस्तू बाहेरच राहणार, माणूस कितीही शिस्तीचा असो. खणाचा पाचांतला एक भाग रिकामा ठेवा. गच्च भरलेल्या खणातून वस्तू निघते, परत मात्र जात नाही.

डोक्यातलं

१९२७ साली ब्लुमा झाइगारनिक यांनी बर्लिनमध्ये केलेलं संशोधन प्रसिद्ध झालं: मध्येच थांबवलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवत होती. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी मिळाला नाही, हेही सांगायला हवं. पण २०११ साली मसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी दाखवलेली गोष्ट आपल्या जास्त कामाची: अपुऱ्या कामाचा नेमका बेत ठरला, की काम न होताही ते मध्येमध्ये टोचायचं थांबतं. डोकं काम उरकायचा हट्ट धरत नाही, त्याला फक्त वाली हवा असतो. शिवाय एका वेळी मनात धरून ठेवता येतात त्या गोष्टी चारच्या आसपास, असा नेल्सन कोवान यांचा २००१ सालचा अंदाज आहे. पाचवी आली की एक निसटते, आणि काहीतरी विसरतोय ही हुरहुर मागे राहते.

म्हणून पहिलं काम, सगळं कागदावर. ३० मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, ओळीला एक गोष्ट. क्रम लावू नका, महत्त्व ठरवू नका, वाक्य सुधारू नका. दहाएक मिनिटांनी ‘झालं’ असं वाटतं, तेव्हा उठू नका. मनातल्या मनात घराच्या प्रत्येक खोलीतून फिरा, मग शरीर, पैसे, नोकरी, एकेक नातेवाईक, दिलेले शब्द, इतरांकडून येणं असलेलं, दुरुस्त्या, संपत आलेल्या मुदती. दुसरी लाट बहुधा पहिलीपेक्षा मोठी असते, आणि खरे टोचणारे विषय तिच्यातच असतात. कागद दोन दिवस जवळ ठेवा, आठवेल ते भर घाला.

मग ओळ न ओळ घ्या. हे माझं आहे का? भावाची नोकरी, सहकाऱ्याचं भांडण, शेजाऱ्याचं मत अशा ओळी पुष्कळ निघतात; त्यांच्यात तुमचं काम एखाद्या फोनपुरतं असतं किंवा नसतंच. माझं असेल तर पुढचं पाऊल काय? पाऊल म्हणजे हातापायांनी करता येईल असं काही. ‘विमा’ हे पाऊल नव्हे. ‘शनिवारी सकाळी पॉलिसी काढून मुदतीची तारीख बघायची’ हे पाऊल. ओळीत क्रियापद आणि वेळ नसेल तर ती अजून बेवारसच आहे. दोन मिनिटांत होण्यासारखी कामं लगेच करायला घेऊ नका, चाळणी तिथेच थांबते. खूण करा आणि शेवटी एका दमात उरका.

याद्या तीन ठेवा, चौथी नको. ज्याला ठरलेली तारीख आहे ते कॅलेंडरवर. पुढच्या दोन आठवड्यांत हात घालायचं ते चालू यादीत, १५ ओळींच्या आत. बाकीचं ‘कधीतरी’मध्ये. दुसऱ्यावर अडलेली कामं चालू यादीतच, त्या माणसाचं नाव आणि विचारायची तारीख घालून. आठवड्यातून एकदा ३० मिनिटं तिन्ही वाचा. हे वाचन दोनदा हुकलं की मन यादीवर विश्वास ठेवायचं सोडतं आणि सगळं पुन्हा स्वतःच उचलून धरतं. ॲप की वही यावर वाद घालत बसू नका, मात्र दोन्ही एकदम वापरू नका. दोन ठिकाणी लिहिलेलं कुठेच सापडत नाही.

चालू यादीत चार आठवडे जागची न हललेली ओळ म्हणजे एक तर पाऊल फार मोठं आहे किंवा ते करायचंच नाही. मोठं असेल तर तोडा. करायचं नसेल तर सरळ खोडा, आणि कोणाला शब्द दिला असेल तर त्याला कळवा. हा निरोप पाठवताना जीव जड होतो, पण कुठलीच यादी हे ओझं उतरवत नाही, निरोपानेच ते उतरतं.

भीड भिकेची बहीण म्हणतात, डोक्यातल्या पसाऱ्याची तर ती आईच. नव्या मागणीला जागच्या जागी हो म्हणू नका, ‘उद्या सांगतो’ एवढं म्हणा. नाही म्हणायचं असेल तर दोन वाक्यं: ‘मला हे जमणार नाही. दुसरं कोणी बघ.’ कारण जोडलं की समोरचा ते कारण सोडवून देतो, ‘रविवारी नाही? मग सोमवारी ये’.

ज्याला पाऊलच नाही

काही ओळींवर करण्यासारखं काही नसतं: अहवालाची वाट, कोणाचं तुटलेलं बोलणं, भविष्याची धास्ती. त्यांना वेळेची जागा द्या. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीत १५ ते २० मिनिटं फक्त काळजी करायची, लिहून. दिवसभरात काळजी आली की दोन शब्दांत टिपून त्या वेळेवर ढकलायची. वेळ झोपेच्या निदान दोन तास आधीची, आणि पलंगावर नाही. पहिले तीन-चार दिवस हे खुळचट वाटतं. आठवड्याने टिपलेल्या कितीतरी काळज्या त्या वेळेपर्यंत शिळ्या झालेल्या दिसतात.

झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहा. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्याआधी पुढची कामं लिहिली, काहींनी झालेली. पुढची लिहिणाऱ्यांना साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी लवकर. अभ्यास लहान आहे, पण करून बघायला कागद-पेनापलीकडे काही लागत नाही.

फोनवर माणसाने पाठवलेलं तेवढंच वाजू द्या, यंत्राने पाठवलेलं सगळं बंद. साचलेल्या मेलची वर्गवारी करत बसू नका. ३० दिवसांहून जुनी सगळी एका फोल्डरमध्ये ढकला, शोधलं की सापडतात. फोटोंसाठी रोज फक्त आजच्या तारखेचे मागच्या वर्षांचे फोटो उघडून नको ते काढा. वर्षाच्या आत सगळा साठा एकदा नजरेखालून जातो.

घरातली इतर माणसं

दुसऱ्याच्या वस्तूला त्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, ती कितीही टाकाऊ वाटली तरी. एकदा काही गुपचूप गेलं की ती व्यक्ती प्रत्येक चिंधी राखू लागते. सामायिक जागांचे नियम एकत्र ठरवा, ज्याच्या-त्याच्या खणात ज्याचं-त्याचं राज्य. आणि एखाद्याचा साठा इतका वाढला असेल की पलंग, चूल, न्हाणीघर वापरता येत नाही, आणि रद्दी टाकायच्या कल्पनेनेही त्याचा जीव घाबरा होतो, तर तिथे चार खोक्यांचं काम नाही. साठवणुकीचा हा विकार २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत स्वतंत्रपणे नोंदवला गेला. त्यावर उपचार आहेत. जबरदस्तीने घर रिकामं केलं तर माणूस कोलमडतो आणि घर पुन्हा भरतं.

नंतर

रोज एकाच वेळी दहा मिनिटं फिरत्या वस्तू जागेवर ठेवा. एखादा कोपरा तीन आठवड्यांत पुन्हा भरला तर स्वतःला बोल लावायच्या आधी तिथलं सामान तीन प्रश्नांनी तपासा. बहुधा एकाच प्रकारच्या वस्तू साचलेल्या असतात, त्यांना जागा दिलेलीच नसते किंवा ती फार लांब असते. दाराजवळच्या खुर्चीवर कपडे पडत असतील तर तिथे खुंटी लावा.

राहिलं ‘ठरत नाही’चं खोकं. ते एकच ठेवायचं, कागद आणि फोटो त्यात घालायचे नाहीत. बंद करताना आतल्या वस्तूंची यादी वेगळ्या कागदावर लिहून तो कॅलेंडरपाशी ठेवा आणि खोक्यावर सहा महिन्यांनंतरची तारीख टाका. मधे काही लागलं तर खुशाल काढा आणि यादीत त्यावर रेघ मारा. तारखेला आधी यादी न बघता आत काय होतं ते आठवून लिहा, मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. आठवलेल्या वस्तू बाहेर काढून त्यांना जागा द्या. बाकीचं खोकं पुन्हा चाळू नका, तसंच दाराकडे न्या.